घरचा एसी आणि गिझर : यंत्राआधी मिस्त्री पारखावा

मुंबईत थंडी अशी पडतच नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश नोंदले गेले, तेही १९६२ च्या जानेवारीत. सर्वांत जास्त ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२ रोजी. म्हणून आपल्या शहरात घर गरम करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. 'गरम' म्हणजे आंघोळीचे व वजूचे पाणी, आणि 'थंड' म्हणजे पंखा किंवा एसी, एवढाच आपला हिशोब. पूर्वी पाण्यासाठी तांब्याचा बंब होता, आता गिझर आहे. पूर्वी एसी ही बड्या लोकांच्या बंगल्यातली चीज होती. आता माहीमच्या कापड बाजारात, वांजावाडीत, मोरी रोडवर, जुन्या चाळींच्या खिडक्यांतूनही एसीचे डबे बाहेर डोकावतात.

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांचे घर हेच कारखानाही असते. पोटमाळ्यावर शिलाई चालते, खालच्या खोलीत जरीचे काम चालते, कोपऱ्यात तयार मालाचे गठ्ठे असतात. अशा घरात एसी म्हणजे चैन नव्हे. पावसाळ्याच्या दमट हवेत मालावर बुरशीचे डाग पडले की सबंध ताका वाया जातो. म्हणून यंत्र घेणे, ते बसवणे आणि त्याची देखभाल कोणाकडून करवून घेणे, हा पैशाचा प्रश्न आहे. तो जिवाचाही प्रश्न आहे, हे पुढे दिसेलच.

कापडवाल्यांशी जुने नाते

एसीचे आणि कापडाच्या धंद्याचे नाते जुने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा काबूत ठेवणारे यंत्र आखले. दमट हवेत कागद फुगत असे व रंग एकमेकांवर बरोबर बसत नसत. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने रूढ केला. हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून गिरणीतील हवेत ओलावा किती असावा याची त्याला फिकीर होती. आपल्या गिरणगावातील सूतकताई व विणाईच्या खात्यांतही हवेत ओलावा सोडण्याची यंत्रणा असे, ती याच कारणाने.

मुंबईत या धंद्याची मुळे खोल आहेत. ब्लू स्टार ही कंपनी १९४३ मध्ये मुंबईतच सुरू झाली. व्होल्टास १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून उभी राहिली. तिचे कार्यालय चिंचपोकळीला, म्हणजे आपल्या माहीमपासून फार दूर नाही. तेव्हा या कामातले जाणकार कारागीर मुंबईत कमी नाहीत. प्रश्न आहे तो त्यांना ओळखण्याचा.

पहिली पायरी : खोली मोजा

चांगला मिस्त्री यंत्राची गोष्ट काढण्याआधी खोली पाहतो. जो फोनवरच 'दीड टन घ्या' म्हणतो, त्याने ग्राहकाचे माप न घेताच कुर्ता बेतला असे समजावे.

टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. ढोबळ हिशोबाने १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन व १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीस दीड टन लागतो. पण वरच्या मजल्याची खोली, पत्र्याचे छप्पर, पश्चिमेची उन्हाची भिंत किंवा आत चालणारी इस्त्री यांनी हा हिशोब बदलतो. लहान यंत्र दिवसभर धापा टाकते. गरजेपेक्षा मोठे यंत्र, विशेषतः साध्या पद्धतीचे, खोली चटकन गार करून बंद पडते आणि हवेतील ओलावा तसाच राहतो. ज्यांच्या घरात माल असतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मालाला थंडीपेक्षा कोरडेपणा हवा असतो.

दुसरी पायरी : तारा आणि मीटर

माहीमला वीज बेस्टची येते. खाडी ओलांडून वांद्र्याला गेले की कंपनी बदलते. बेस्टकडे आपल्या मीटरवर किती भार मंजूर आहे, हे वीजबिलावर छापलेले असते. दीड टनाचा एसी सुमारे दीड किलोवॅट, गिझर दोन किलोवॅट आणि कारखान्याची इस्त्री एक किलोवॅट धरली, तरी साडेचार किलोवॅट झाले. म्हणजे एकाच वेळी जवळजवळ वीस अँपिअरचा प्रवाह. जुन्या इमारतीतील तारा दोन दिवे आणि एका पंख्याच्या जमान्यात घातलेल्या असतात. त्यांच्यावर हा बोजा टाकला की आधी तार गरम होते, मग तिचे वेष्टण वितळते, आणि कापडाच्या गठ्ठ्यांजवळ एक ठिणगी पुरते.

म्हणून एसीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार ओढावी व तिला स्वतःचा एमसीबी असावा. अर्थिंग तपासून घ्यावे आणि माणसाला धक्का बसण्याआधी वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचे आहे. एसी बसवणारा पोरगा जर 'याच पॉइंटवर चालून जाईल' म्हणू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. भार वाढवायचा असेल तर बेस्टकडे रीतसर अर्ज करावा.

बिलाचाही विचार हवा. आठ तासांत आठ-दहा युनिट धरले, तर महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट एकट्या एसीचे होतात. घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. एसीमुळे सबंध घर वरच्या टप्प्यात जाते, हे विसरू नये. यंत्रावरील ताऱ्यांची पट्टी म्हणूनच वाचावी. खोलीच्या एसीवर ही पट्टी २०१० पासून सक्तीची आहे. तिचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे आणि नव्या सालचे पाच तारे सारखे नसतात. पट्टीवर साल छापलेले असते, ते पाहावे. तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता विभाग सांगतो. १८ वर ठेवून गोधडी ओढण्यापेक्षा २५-२६ वर ठेवून पंखा हळू लावावा.

तिसरी पायरी : भिंत, खारी हवा आणि शेजारी

३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या, उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती माहीमला पुष्कळ आहेत. अनेक घरे पागडीची आहेत. बाहेरचा डबा तीस किलोच्या आसपास असतो, शिवाय तो थरथरतो. भुसभुशीत विटेच्या भिंतीत साधे खिळे ठोकून तो टांगणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर धोंडा टांगणे होय. भिंतीला हात लावण्यापूर्वी घरमालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि मिस्त्रीला भिंत ठोकून पाहायला सांगावे.

आपल्याकडे समुद्र जवळ आहे. खारी हवा लोखंडी ब्रॅकेट दोन-चार पावसाळ्यांत खाऊन टाकते. जस्ताचा लेप दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट व बोल्ट मागावेत. आतली गुंडाळी तांब्याची असावी. तांबे दुरुस्त करता येते, ॲल्युमिनियमला डाग देणे अवघड जाते. तिच्यावर गंजरोधक लेप असेल तर उत्तमच. खाडीजवळच्या घरांत मात्र तांब्यालाही लेपाशिवाय भरवसा नाही, कारण खाडीच्या सडक्या वायूने तांबे काळे पडून झिजते. वर्षातून दोनदा बाहेरचा डबा साध्या पाण्याने धुवून घेतला तर त्याचे आयुष्य वाढते. समुद्राकडे राहणाऱ्यांनी हे पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर करावे.

पाण्याच्या नळीचा उतारही बसवतानाच पाहावा. मुंबईच्या दमट हवेतून एसी दिवसाला बादलीभर पाणी काढतो. ते खालच्या दुकानाच्या ताडपत्रीवर किंवा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले, की वर्षांचा शेजार एका उन्हाळ्यात बिघडतो. नळी मोरीत किंवा पन्हाळ्यापर्यंत न्यावी. त्यासाठी लागणारी पाच फूट जादा नळी महाग नाही.

'गॅस कमी झाला' या वाक्याची पारख

एसीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य हेच. ते कधी खरे असते, पण नेहमी नसते. एसीतील गॅस मोटारीतील पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या खिशात नाणी टाकणे.

आमच्याच गल्लीतील एका घरी एका उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला गेला. चौथ्या मिस्त्रीने साबणाचे पाणी लावले, तेव्हा बाहेरच्या नटाजवळ बुडबुडे आले. नळीचे तोंड नव्याने पसरवून नट कसला, आणि तक्रार संपली. आधीच्या तीन फेऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

थंडावा कमी झाला, तर आधी जाळी काढून धुवावी. हे काम घरातील कोणीही पंधरा दिवसांतून एकदा करू शकतो. मग बाहेरचा डबा कचऱ्याने कोंडला आहे का पाहावे. त्यानंतर कपॅसिटर, आणि सर्वांत शेवटी गॅस. मिस्त्री उलट्या क्रमाने निघाला तर सावध व्हावे.

गॅस भरायचाच असेल तर त्याची रीत अशी. आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधावी व बंद करावी. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा व ओलावा काढावा. आपल्या दमट शहरात ही पायरी टाळली तर आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसर खराब करतो. शेवटी यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरावा. आम्ही कापड गजाने मोजून देतो, मग गॅस अंदाजाने का घ्यावा?

गॅसची जात पाटीवर लिहिलेली असते. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो. तो ओझोनच्या थराला इजा करतो. १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार तो बंद होत आला आहे, आणि भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांत तो घालण्यास मनाई आहे. त्यानंतर आर-४१०ए आला आणि आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो. काही यंत्रांत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन असतो. या गॅसांचा दाब आणि स्वभाव निरनिराळा आहे. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि तो काही प्रमाणात पेट घेणारा आहे. प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो. एका जातीच्या यंत्रात दुसऱ्या जातीचा गॅस भरणे, किंवा नळीत गॅस असताना डाग देण्याची ज्योत लावणे, हा आगीशी खेळ आहे. 'कोणताही गॅस चालतो' असे जो म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

गिझर : थोडी वीज, मोठी जोखीम

गिझरचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते आणि दोन किलोवॅटचा गिझर ते काम चौदा मिनिटांत करतो. खर्च वाढतो तो बटण दिवसभर चालू ठेवल्याने. आयएसआय चिन्ह, १६ अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि दाब सोडणारी झडप, या चार गोष्टी पाहाव्यात. मिस्त्री झडपेच्या तोंडाला बूच मारत असेल, तर त्याने टाकीचा बॉम्ब केला असे समजावे. तलावांचे महापालिकेचे पाणी क्षारांना कमी असते. बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी असेल, तर टाकी व आतला दांडा दरवर्षी तपासून घ्यावा.

गॅस गिझरबद्दल मात्र आम्ही स्पष्ट लिहू इच्छितो. बंद न्हाणीघरात तो जळू लागला की आधी हवेतील प्राणवायू संपवतो आणि मग कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्यास थोडी भोवळ येते, आणि कडी आतून लावलेली असते. मुंबईतही अशा मृत्यूंच्या बातम्या आल्या आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. तो बाहेर मोकळ्या हवेत असावा व त्याचा धूर नळीने इमारतीबाहेर जावा. ही सोय माहीमच्या आठ-बाय-दहाच्या खोल्यांत होत नसेल, तर विजेचा गिझर घ्यावा. पाइपच्या गॅसची जोडणी महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी. स्वयंपाकाच्या नळीला परस्पर फाटा काढू नये.

कोणाला बोलवावे?

आज तीन मार्ग आहेत : कंपनीचे सेवा केंद्र, मोबाइलवरून बोलावले जाणारे कामगार आणि गल्लीतील दुकानदार मिस्त्री. वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीकडेच जावे, कारण बाहेरच्याने यंत्र उघडले तर बहुतेक कंपन्या हात वर करतात. वॉरंटीचा कागदही नीट वाचावा. 'दहा वर्षे' हे मोठ्या अक्षरांत बहुधा कॉम्प्रेसरपुरते असते. सर्किटचे कार्ड, गॅस व इतर भाग एका वर्षात संपलेले असतात. कंपनीचा फोन नंबर कार्डावरून किंवा यंत्रावरून घ्यावा. मोबाइलवर शोधून मिळालेल्या खोट्या 'कस्टमर केअर' नंबरांनी अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत.

वॉरंटीनंतर गल्लीतील मिस्त्री आम्हाला बरा वाटतो, मात्र पारखलेला. तो रोज समोर दिसतो आणि त्याला आपल्या नावाची काळजी असते. त्याला हे पाच प्रश्न विचारावेत :

१. या यंत्रात कोणता गॅस आहे, आणि तो तोलून भराल ना?

२. व्हॅक्यूम पंप व नायट्रोजन सोबत आहे का?

३. काढलेला जुना भाग मला दाखवाल, परत द्याल?

४. मजुरी किती, सामान किती, कामाची हमी किती दिवसांची, हे पावतीवर लिहून द्याल?

५. उंचीवर काम करणाऱ्या मुलाला पट्टा व दोर आहे का?

वार्षिक देखभालीचा करार करताना त्यात सुटे भाग व गॅस धरले आहेत की फक्त साफसफाई, हे लिहून घ्यावे. पावतीवर जीएसटी लावला असेल तर नंबर छापलेला हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या मिस्त्रीला नोंदणी सक्तीची नाही, म्हणून तो नंबराशिवाय कर घेऊ शकत नाही. पण साधी पावती त्याने द्यायलाच हवी. काम बिघडले आणि दाद मिळाली नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा फोन नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास त्यासाठी फी लागत नाही. पावती नसेल तर मात्र हात बांधले जातात.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

हे पान वाचणाऱ्यांत एसी-गिझरचे काम करणारे बंधूही आहेत. वरचे पाच प्रश्न त्यांच्याविरुद्ध नाहीत, त्यांच्या फायद्याचे आहेत. जो तोलून गॅस भरतो त्याला आज अंदाजाने भरणाऱ्याच्याच भावाने काम मिळते, कारण ग्राहकाला फरक कळत नाही. ग्राहक शहाणा झाला तर चांगल्या कारागिराला त्याचे मोल मिळेल.

नव्या मुलांना नुसते उस्तादाच्या हाताखाली ठेवून आता भागणार नाही. पेटणारे गॅस आले आहेत, इन्व्हर्टरचे सर्किट आले आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ज्याच्या हाती हुन्नर आणि प्रमाणपत्र दोन्ही असेल, त्याला मुंबईतच नव्हे, आखातातही काम कमी पडणार नाही.

आणि पट्ट्याची गोष्ट. चौथ्या मजल्याच्या छज्जावर एका हाताने खिडकी धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती मुले आपल्याच मोहल्ल्यातली असतात. ग्राहकाने त्यांना घाई करू नये, मालकाने पट्टा दिल्याशिवाय त्यांना बाहेर उतरवू नये. बसवणुकीचे शंभर-दोनशे रुपये वाचवण्याची घासाघीस आपण कापड बाजारात खुशाल करावी. या कामात मात्र ती वाचवलेली रक्कम कोणाच्या घरातून जाते, हे आधी पाहावे.